घरातील सुतारकामाची हत्यारे आणि आपण

भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे वस्त्र अशा आठच वस्तू येतात. घरदार सोडलेल्या माणसाजवळही सुई आहे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. फाटलेले चीवर ज्याचे त्याने सांधावे, हा त्यामागचा साधा व्यवहार. मग आपण तर संसारी माणसे! आपल्या घरी दाराची कडी निखळली, फळीचा स्क्रू सैल झाला किंवा मुलाला अभ्यासाला टेबल हवे असले, तर निदान हत्यार हातात धरता यावे, एवढी अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. म्हणून समाजातील सभासद व विद्यार्थी यांच्यासाठी घरगुती सुतारकामाच्या आवश्यक हत्यारांची ही माहिती देत आहे.

हत्यार कोणाच्या हाती?

आपल्या गावगाड्यात हत्यार हे जातीला बांधलेले होते. करवत व रंधा सुताराचा, ऐरण लोहाराची, आरी चांभाराची. महाराच्या वाट्याला आली ती काठी व घुंगरू. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या निबंधात दाखवून दिले. त्याचा पुरावा शोधायला आपल्या लोअर परळकरांना गावी जाण्याचीही गरज नाही. येथल्या कापड गिरण्यांत विणाई खात्याचा पगार चांगला होता. पण त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरताना सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा इतरांना चालत नसे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. एक लाकडी धोटा माणसाची रोजी अडवू शकत होता, हे आजच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. हत्यार हाती घेणे हा आपल्यासाठी केवळ हौसेचा किंवा काटकसरीचा विषय नाही, तो या कारणासाठी.

दहा बाय सोळा ते पाचशे चौरस फूट

१९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड, म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग, येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची. त्यात पाच-सात माणसे, चूल, मोरी आणि वर सामानाला पोटमाळा. पोटमाळा, भिंतीतली फळी आणि घडीची खाट यांनी गिरणगावातले संसार तारले. स्वतः बाबासाहेबांनी विद्यार्थिदशेत परळच्या डबक चाळीतील एका खोलीत अभ्यास केला. जागा एवढी अपुरी, की वडील आधी जागत आणि पहाटे दोनला मुलाला उठवून त्याच्या जागी स्वतः आडवे होत.

आता या चाळींचा पुनर्विकास चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांचा ताबा मिळाला. जागा वाढली तरी माणसेही वाढली आहेत आणि तयार फर्निचर जागेच्या मापाने कधीच मिळत नाही. आपल्या भिंतीच्या मापाचे टेबल आपणच करावे, हे म्हणूनच शहाणपणाचे.

हत्यारांची ओळख

पहिला गट मोजण्याचा. ३ मीटरची टेप, काटकोन पाहण्यासाठी गुण्या, फळी आडवी सरळ बसली की नाही हे पाहण्यासाठी पाणसळ आणि टोकदार पेन्सिल. नवखे लोक हत्यारावर खर्च करतात आणि गुण्या घेत नाहीत. मग टेबल डुगडुगते आणि दोष लाकडाला दिला जातो. माप नेहमी एकाच कडेपासून घ्यावे व रेघ मारल्यावर पुन्हा पडताळून मगच करवत लावावी.

दुसरा गट कापण्याचा. प्लायवूडसाठी बारीक दातांची हातकरवत घ्यावी. मोठे दात भरभर कापतात, पण प्लायच्या कडा उसवतात. करवतीच्या पात्याला स्वतःची जाडी असते. तेवढा लाकडाचा भुगा होतो. म्हणून करवत रेघेवर न चालवता रेघेच्या टाकाऊ बाजूने चालवावी.

तिसरा गट तासण्याचा. १२ व २५ मिलिमीटरच्या दोन पटाश्या, एक छोटा लोखंडी रंधा, एक कानस आणि पॉलिश पेपर. बिजागरीसाठी खाच पाडायला पटाशी लागते. पटाशी व रंध्याचे पाते धारेसाठी साधारण २५ अंशांत घासतात व शेवटची बारीक धार ३० अंशांच्या सुमारास देतात. यासाठी धारेचा दगड जवळ हवाच. बोथट पटाशीवर जोर द्यावा लागतो, जोर दिला की ती सटकते आणि सटकली की हाताला लागते. धारदार हत्यार जास्त सुरक्षित असते, हे सांगितले तर नवख्याला खरे वाटत नाही, पण ते तसेच आहे. पटाशी चालवताना दुसरा हात कधीही तिच्या धारेपुढे ठेवू नये.

चौथा गट जोडण्याचा. हातोडी, पकड, चपटा व चौफुली असे दोन स्क्रू ड्रायव्हर आणि दोन शिकंजे. पूर्वी सुतार जनावराच्या हाडा-कातड्यापासून केलेला सरस उकळून वापरीत. १९५९ साली फेविकॉल आले आणि ती खटपट गेली. परंतु डिंक लावून नुसते चिकटवले की काम झाले, असे नाही. दोन्ही तुकडे शिकंज्यात काही तास आवळून ठेवावे आणि चोवीस तास त्यावर भार टाकू नये.

पाचवे हत्यार विजेचे. एकच घ्यायचे तर हॅमरची सोय असलेले ड्रिल मशीन घ्यावे. भिंतीसाठी हॅमर चालू, लाकडासाठी बंद. भिंतीचे बिट वेगळे आणि लाकडाचे वेगळे. डोळ्यांना चष्मा असावा, सैल बाही व गळ्यातली ओढणी आवरलेली असावी आणि बिट बदलताना प्लग काढलेला असावा. खांब व तुळई यांना भोक पाडू नये. विजेच्या बटणाच्या सरळ वर-खालीही भोक पाडू नये, कारण वायर बहुधा तेथूनच गेलेली असते.

ही सर्व हत्यारे दक्षिण मुंबईतील नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. एकदम पेटीभर घेण्याची गरज नाही. टेप, गुण्या, करवत, हातोडी व स्क्रू ड्रायव्हर यांवर सुरुवात होते.

उदाहरण : घडीचे अभ्यासाचे टेबल

आता हत्यारे वापरून पाहू. १८ मिलिमीटर जाडीची, ३ फूट लांब व दीड फूट रुंद प्लायची फळी घ्यावी. भिंतीला ओल येत असेल तर आय.एस. ७१० चा शिक्का असलेली मरीन प्लाय घ्यावी. कोरड्या जागी आय.एस. ३०३ ची साधी चालते. ३ फूट लांबीची, २५ मिलिमीटर जाड लाकडी पट्टी जमिनीपासून सुमारे अडीच फूट उंचीवर पाणसळ लावून भिंतीवर आखावी. पट्टीला व भिंतीला चार ठिकाणी भोके पाडावी. भिंतीतील भोक ८ मिलिमीटरचे व ५० मिलिमीटर खोल असावे. त्यात प्लास्टिकची गिट्टी ठोकून १० नंबरचे, ६५ मिलिमीटर लांबीचे स्क्रू आवळावे. यातील २५ मिलिमीटर पट्टीत जातात व ४० भिंतीत धरतात. नवीन इमारतीत हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर दुकानदाराकडून त्या भिंतीची गिट्टी मागून घ्यावी.

मग फळी पट्टीला बिजागऱ्यांनी जोडावी आणि खाली दोन घडीचे ब्रॅकेट बसवावे. लाकडात स्क्रू घालण्यापूर्वी बारीक भोक पाडावे, नाहीतर लाकूड चिरते. अभ्यास झाला की फळी खाली पडून भिंतीला चिकटते व रात्री अंथरुणाला जागा मोकळी होते.

येथे एक हिशेब मांडतो. प्लायचा पूर्ण ताव ८ फूट बाय ४ फुटांचा असतो. नीट आखणी केली तर त्यातून ३ बाय दीड फुटांच्या चार फळ्या आणि उरलेल्या दोन फुटी पट्ट्यातून पाचवी, अशा पाच फळ्या निघतात. म्हणजे एका तावात पाच घरांतील विद्यार्थ्यांची सोय होते. एकट्याने ताव घेतला तर बराचसा वाया जातो. पाच घरांनी मिळून घेतला तर बराचसा कामी येतो.

एक सूचना

यावरूनच मंडळापुढे एक सूचना ठेवावीशी वाटते. ड्रिल मशीन प्रत्येक घरी वर्षातून दोन-चार वेळाच लागते. मंडळाने एक हत्यारपेटी करावी व बुद्ध विहारात ठेवावी. सोबत एक वही असावी : हत्याराचे नाव, नेणाऱ्याचे नाव, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख आणि सही. बँकेत आयुष्य काढलेला माणूस एवढे खात्रीने सांगू शकतो, की वही नीट असली तर वस्तू सहसा हरवत नाही आणि शेजाऱ्याशी भांडणही होत नाही. सुट्टीच्या दिवशी एखाद्या जाणत्या सुतारकाम करणाऱ्या सभासदाने मुलांना व मुलींनाही दोन तास शिकवावे. परीक्षेच्या दिवसांत मात्र ड्रिल बंद ठेवावे! ज्यांना गोडी लागेल त्यांच्यासाठी आय.टी.आय.मध्ये सुतारकामाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहेच.

संयुत्त निकायात भगवान बुद्धांनी वाकसाच्या दांड्याचा दृष्टान्त दिला आहे. दांड्यावर सुताराच्या बोटांचे ठसे उमटलेले दिसतात. पण आज किती झिजला, काल किती झिजला, हे त्याला सांगता येत नाही. झिजल्यावर मात्र झिजला हे कळते. चित्ताचे मळ असेच रोजच्या साधनेने झिजतात, असा त्याचा अर्थ. हातातले कौशल्यही असेच दिवसागणिक न दिसता येते. आपल्या मुलांच्या बोटांचे ठसे पुस्तकांबरोबरच हत्यारांच्या दांड्यांवरही उमटावेत, एवढीच इच्छा.

जयभीम!