कणाचे अस्तर

“सर, दुकानदार क्वांटम डॉटचा टीव्ही महाग सांगतो. अब्बू विचारतात, त्यात वेगळं काय असतं?” नववीतल्या एका मुलीने आम्हाला विचारले. प्रश्न बऱ्याच घरांतला आहे, म्हणून उत्तर इथे देत आहोत.

क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहक पदार्थाचा, अवघ्या काही नॅनोमीटरचा स्फटिक. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर बसतात. कणावर प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन जागा सोडतो. मागे उरलेल्या रिकाम्या जागेला ‘होल’ म्हणतात. दोघांची पुन्हा गाठ पडली की कण प्रकाश देतो. कण लहान असेल तर निळा, मोठा असेल तर लाल.

अडचण पृष्ठभागाची. इतक्या लहान कणाचे पुष्कळ अणू पृष्ठभागावरच असतात आणि त्यांचे काही बंध मोकळे राहतात. इलेक्ट्रॉन तिथे अडकला की त्याची ऊर्जा उष्णतेत वाया जाते. म्हणून उघडा कण मिणमिणतो.

१९९६ साली शिकागो विद्यापीठातील हाइन्स आणि ग्यो-सिओने यांनी कॅडमियम सेलेनाइडच्या कणाला झिंक सल्फाइडचे कवच चढवले. मग शोषलेल्या १०० प्रकाशकणांमागे सुमारे ५० परत मिळू लागले.

पण कवच म्हणजे अस्तरच. शेरवानीचे अस्तर आखूड पडले की शिवणीवर चुण्या येतात. झिंक सल्फाइडमधील अणूंचे अंतर गाभ्यापेक्षा सुमारे १२ टक्के कमी असते. कवच जाड केले की जोडावर ताण येऊन दोष तयार होतात आणि इलेक्ट्रॉन तिथेही अडकतो. म्हणून मध्ये कॅडमियम सल्फाइडसारखा, दोघांशी जुळवून घेणारा थर देतात.

पदार्थांची जोडी बदलली तर इलेक्ट्रॉन एका थरात आणि होल दुसऱ्या थरात राहतो. त्यांची गाठ उशिरा पडते. प्रकाश हवा तिथे हे नुकसानीचे. पण सौर घटासारखी वीज काढून घ्यायची असेल तिथे उपयोगाचे.

कॅडमियम विषारी असल्याने आता अनेक टीव्हींत इंडियम फॉस्फाइडचे कण वापरतात. कवच त्यांनाही लागतेच. बहुतेक टीव्हींत निळ्या एलईडीचा प्रकाश घेऊन हे कण शुद्ध लाल आणि हिरवा रंग देतात. अब्बूंना सांगावे, वेगळे आहे ते एवढेच.

एकसारख्या आकाराचे कण बनवण्याची पद्धत १९९३ साली मौंगी बावेंडी यांनी दिली. त्यांचे वडील ट्युनिशियाचे गणितज्ञ. २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना ब्रूस आणि एकिमोव्ह यांच्यासह मिळाले. हार्वर्डमधील रसायनशास्त्राच्या पहिल्याच परीक्षेत आपण नापास झालो होतो, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. प्रगतिपुस्तकावर सही करताना पालकांनी एवढे लक्षात ठेवावे.