वीतभर मातींतील तंबाखू

नंदुरबार जिल्ह्यांतील धानोऱ्यासारख्या गांवीं ज्या घराचें परस माळाच्या अंगाला असतें, तेथें खड्डा घेण्यासाठीं पहार मारली कीं ती वीतभर मातींतून निमूटपणें जाते आणि मग खणकन् वाजते. वर तांबूस करडी माती, तींत खडे, खालीं मुरूम. कोठें कोठें मुरूमहि नाहीं, एकदम काळा फत्तर. हा फत्तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्ह्याचा. तापीकांठची खोल काळी जमीन याच जिल्ह्यांत आहे खरी, पण परसांत तंबाखूचीं चार रोपें लावूं पाहणाऱ्या गृहस्थाला तिचा काय उपयोग? त्याला जी माती मिळाली तींतच काय तें साधावयाचें असतें. शहरांत गच्चीवर पेटी भरून झाडें लावणाऱ्यांची अडचणहि मुळांत हीच आहे. फरक इतकाच कीं त्यांचा फत्तर सिमेंटचा असतो.

अशा जागीं तंबाखू होते कीं नाहीं याविषयीं दोन मतें ऐकूं येतात. एक म्हणतो, तंबाखू उकिरड्याच्या कडेलाहि येते, तिला जमीन कसली पाहतां? दुसरा म्हणतो, काळीशिवाय तंबाखूचें नांव काढूं नये. दोघांनींहि झाड पाहिलेलें असतें. जमिनीच्या पोटांत मात्र दोघांनींहि पाहिलेलें नसतें.

पहिला घोटाळा शब्दांचा आहे. हलकी जमीन आणि उथळ जमीन या दोन गोष्टी लोक एकच समजतात. नंदुरबार जिल्हा गुजरातला लागून आहे, आणि गुजरातेंतील चरोतर प्रांत, म्हणजे खेडा व आणंद हे जिल्हे, विडीच्या तंबाखूसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील ‘गोराडू’ नांवाची माती पोतानें हलकी, भुसभुशीत आहे, आणि तरीहि तंबाखू उत्तम येते. हें ऐकून माळावरचा मनुष्य धीर धरतो, चरोतरचें अंतर, चरोतरचें खत आणि चरोतरची रीत उचलतो, आणि मग फसतो. कारण गोराडू ही नद्यांनीं आणून घातलेली माती आहे. ती हलकी असली तरी खोल आहे. मुळांना खालीं जावयास वाट आहे, आणि वरची ओल आटली तरी खालची शिल्लक राहते. मुरमाड माळ हलका तर आहेच, शिवाय उथळहि आहे. हलकेपणावर खताचा उपाय चालतो. उथळपणावर तो चालत नाहीं.

याचा हिशेब साधा आहे. खडेमिश्रित हलकी माती एक फूट खोल असली तर झाडाच्या उपयोगी पडेल असें पाणी तींत सुमारे एक इंच मावतें. काळ्या जमिनींत तेंच दोन इंचांच्या आसपास. आतां माती सहाच इंच असली तर सांठा अर्ध्या इंचाचा झाला. पानांनीं भरलेली तंबाखू चांगल्या उन्हाच्या दिवशीं एक पंचमांश इंच पाणी हवेंत उडवून देते. म्हणजे पाऊस थांबल्यापासून तिसऱ्या दिवशीं माळावरच्या झाडाची कोठी रिकामी होते. आणि तीन फूट काळीवर उभें असलेलें झाड तेवढ्याच खर्चांत महिनाभर निश्चिंत असतें. उलट, खालीं मुरूम नसून सलग कातळ असला तर श्रावणांतल्या झडींत पाणी मुळाशीं तुंबतें, आणि तंबाखूला तुंबलेलें पाणी तहानेपेक्षांहि वाईट. मुळें गुदमरलीं कीं भर पाण्यांत उभें असलेलें झाड एका दिवसांत मान टाकतें. म्हणून रोप लावण्यापूर्वीं एक खड्डा खणून त्यांत घागरभर पाणी ओतून पाहावें. तें मुरलें तर खालीं मुरूम आहे आणि जागा कामाची आहे. दुसऱ्या दिवशींहि तसेंच दिसलें तर ती जागा सोडावी.

दुसरा घोटाळा याहून नाजूक आहे. निकस व उथळ जमिनींत झाडाला भूक आणि तहान अशीं दोन दुःखें एकदम असतात, आणि तीं पानाला परस्परविरुद्ध दिशांनीं ओढतात. भुकेलेलें, म्हणजे नत्र न मिळालेलें झाड खालून पिवळें पडत जातें; त्याचें पान पातळ, फिकें आणि चवीला सौम्य होतें. तहानलेलें झाड मात्र काळसर हिरवें दिसतें, दुपारीं पानें लोंबवतें. त्याचें पान लहान, जाड आणि जहाल होतें. परसांतला मनुष्य दोहोंतहि ‘झाड वाढत नाहीं’ एवढेंच पाहतो आणि ओंजळभर युरिया घालून मोकळा होतो. भूक असेल तर त्यानें कांहीं साधेल. तहान असेल तर खताचे क्षार मातींतलें उरलेंसुरलें पाणीहि झाडाला ओढूं देत नाहींत, आणि चार दिवसांत पानांच्या कडा करपतात. पानाचा रंग न पाहतां खत घालणें म्हणजे जिभेकडे न पाहतां औषध देणें होय.

तंबाखूची जहालता पानांत असली तरी ती पानांत तयार होत नाहीं, ही गोष्ट पुष्कळांना नवल वाटण्याजोगी आहे. रे डॉसन या अमेरिकन शास्त्रज्ञानें तंबाखूच्या खुंटावर टोमॅटोचें आणि टोमॅटोच्या खुंटावर तंबाखूचें कलम बांधून पाहिलें. त्याचे निष्कर्ष १९४२ सालीं प्रसिद्ध झाले. तंबाखूच्या मुळावर वाढलेल्या टोमॅटोच्या पानांत निकोटिन सांपडलें, आणि टोमॅटोच्या मुळावर वाढलेल्या तंबाखूच्या पानांत तें जवळजवळ नव्हतें. निकोटिन मुळांत बनतें आणि रसाबरोबर वर चढतें. तेव्हां ज्या जमिनींत मुळाला पाय पसरावयास जागा नाहीं, तेथें पानाच्या गुणाचा प्रश्न हा आधीं मुळाच्या जागेचा प्रश्न असतो.

निकस जमिनीचें म्हणून कांहीं भाग्यहि असतें. अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलायना संस्थानांतील कॅसवेल परगण्याची रेताड जमीन पिकाला निकामी म्हणून समजली जाई. १८३९ सालीं तेथील अबायशा स्लेड याच्या मळ्यावर स्टीफन नांवाच्या एका गुलामानें भट्टी विझत आली असतां कोळशाची धग दिली आणि पानें सोनेरी पिवळीं होऊन निघालीं, अशी हकीकत सांगतात. पुढें असें आढळलें कीं हा रंग भरपूर कसाच्या जमिनींतल्या जाड पानाला येत नाहीं. त्याला अर्धपोटी वाढलेलें पातळ पानच लागतें. ज्या जमिनीला कोणी विचारीत नव्हतें तिला भाव आला. (भट्टीचें श्रेय इतिहासांत बहुधा मालकाच्या नांवावर पडतें, हें ओघानें सांगितलें पाहिजे.) तथापि ही जमीनहि हलकी होती, उथळपणाचा खरा धडा मॅसिडोनिया, थ्रेस आणि तुर्कस्तान येथील डोंगरउतारांवर मिळतो. तेथील खडकाळ, पातळ मातींत लहान पानाची सुवासिक तंबाखू शतकानुशतकें पिकत आली आहे. तेथील शेतकरी मोठ्या पानाचा हट्ट धरीत नाहीं. तो रोपें अगदीं दाट लावतो, खत बेताचें घालतो, पाणी क्वचित् देतो, शेंडा बहुधा खुडीत नाहीं, आणि तळहाताएवढीं किंवा त्याहूनहि लहान पानें सुईनें दोऱ्यांत ओंवून उन्हांत वाळवितो.

धानोऱ्याच्या परसांतहि वाटा या दोनच. एक तर मोठें पान हवें असल्यास मातीची खोली हातानें निर्माण करावी. नाहीं तर लहान पानावर समाधान मानून रोपें दाट लावावीं. मोठ्या पानाची जात वीतभर मातींत तीन तीन फुटांवर लावून पावसाची वाट पाहणें ही तिसरी वाट नव्हे.

खोली निर्माण करण्याची उत्तम रीत खड्ड्याची. उन्हाळ्यांत पहारीनें दोन फूट रुंद व दीड फूट खोल असा मुरूम फोडावा. फोडलेल्या मुरमांतला बारीक भाग, भोंवतालची खरडलेली माती आणि दोन घमेलीं पूर्ण कुजलेलें शेणखत एकत्र करून खड्डा भरावा व वर चार बोटें उंचवटा ठेवावा. चुलीची राख ओंजळभर घालावी; तिच्यांत पालाश असतें आणि पालाशानें पान चांगलें जळतें. याच्या उलट गुण मिठाचा. क्लोराइड जास्त शोषलेलें पान विस्तवावर धुमसतें, पेट धरीत नाहीं. म्हणून मोरीचें खारट पाणी किंवा मचूळ विहिरीचें पाणी या झाडांना सोडूं नये. जुन्या ओस गांवठाणाची पांढरी माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतांत नेण्याची चाल देशावर होती. ती मिळाल्यास घ्यावी, पण फार खारी नाहीं ना हें पाहून. तंबाखूच्या जुन्या शेतांतली माती मात्र मुळींच आणूं नये. कां तें पुढें येईल.

ज्याला इतका खटाटोप नको त्यानें दोन वाफ्यांमधल्या वाटेची माती ओढून एक फूट उंचीचे वरंबे करावे आणि त्यांवर फूट-दीड फुटावर रोपें लावावीं. वरंब्यावर वाळलेल्या पाचोळ्याचें आच्छादन घालावें. उथळ मातींत हें आच्छादन म्हणजे अर्धी खोलीच समजावी, कारण उन्हानें जमिनींतून उडणारें पाणी तें राखतें.

बी अतिशय बारीक. एका ग्रॅममध्यें दहा हजारांहून अधिक दाणे येतात. त्यामुळें परसापुरती चिमूटहि जास्तच. जूनअखेर एखाद्या उंच वाफ्यावर पालापाचोळा जाळून राब करावा, राखेंत बी मिसळून तें नुसतें वर भुरभुरावें आणि वर माती लोटूं नये. या बियाला रुजण्यासाठीं उजेड लागतो. झारीनें रोज हलकें पाणी द्यावें. आठदहा दिवसांत हिरवी बुरशी आल्यासारखें दिसूं लागतें. रोपें दाट झालीं तर विरळ करावीं, आणि सहासात आठवड्यांनीं, वीतभर झालीं म्हणजे, ढगाळ दिवशीं किंवा संध्याकाळीं हलवावीं. निपाणीकडे लावणी ऑगस्ट-सप्टेंबरांत होते. माळावरच्या मनुष्यानें ऑगस्टचा पूर्वार्ध साधावा, कारण पावसानंतर त्याच्या मातींत ओल टिकणार नाहीं.

पुढचें काम खुडणीचें. कळी दिसतांच शेंडा खुडावा आणि आठदहा पानें ठेवावीं. खोल जमिनींत याहून अधिक ठेवितां येतात, पण येथें झाडाला जेवढें पोसवतें तेवढेंच. शेंडा गेला कीं प्रत्येक पानाच्या बगलेंतून फुटवे निघतात. ते दर आठवड्यास काढावे लागतात, आणि परसांतल्या बहुतेक तंबाखूचा नाश येथेंच होतो. दाट लावलेल्या लहान पानाच्या झाडांना हा उपद्व्याप नको. पान पिकलें म्हणजे चिकट होतें, त्यावर पिवळसर ठिपके उठतात आणि वांकविल्यास कट्कन मोडतें. खानदेशची हिवाळी हवा कोरडी. उघड्यावर टांगलेलें पान दोन दिवसांत हिरवेंच वाळून बसतें आणि मग कितीहि ठेवलें तरी हिरव्या गवताचा वास सोडीत नाहीं. म्हणून पानें प्रथम गोणपाटाखालीं पिवळीं होऊं द्यावीं, मग सावलींत टांगावीं, आणि पहाटेच्या दंवानें मऊ झालीं असतांना जुड्या बांधाव्या.

तथापि पहाटेच्या दंवांत ओल्या पानांना उघडे हात लावणें धोक्याचें आहे. निकोटिन पाण्यांत विरघळतें आणि कातडींतून अंगांत भिनतें. मळमळ, घेरी, ओकाऱ्या होतात. गुजरातेंतील तंबाखूच्या शेतमजुरांत हा विकार चांगलाच ओळखीचा आहे. हिरवी तोडणी दंव वाळल्यावर करावी, अंगभर कपडे घालावे, आणि मुलांना त्या कामास लावूं नये. दुसरा धोका भाजीच्या वाफ्याला. तंबाखूच्या पानावरील चट्ट्यांचा रोग टोमॅटो व मिरचीला लागतो, आणि त्याचा विषाणु वाळलेल्या पानांतहि वर्षानुवर्षें जिवंत राहतो. बोटांनीं तंबाखू मळून त्याच हातांनीं टोमॅटोच्या फांद्या बांधणारा मनुष्य रोगाची लागण स्वतःच करीत असतो. साबणानें हात धुतल्याशिवाय त्या वाफ्यांत जाऊं नये. तिसरा शत्रु बंबाखू. हें पान नसलेलें फिकट झाड तंबाखूच्या मुळावर जगतें आणि वांगें-टोमॅटोवरहि चढतें. त्याचें धुळीसारखें बी मातींत वर्षानुवर्षें पडून राहतें, आणि जुन्या शेतांतली माती आणावयाची नाहीं ती याचसाठीं. दिसतांच, फूल येण्यापूर्वीं, उपटून जाळावें.

आतां हें सर्व कशासाठीं, हा प्रश्न उरतो. घरची तंबाखू निर्मळ, बाजारची तेवढी घातक, असा एक समज आहे. तो खोटा आहे. तोंडाच्या कर्करोगाला कारण होणारीं नायट्रोसमीन द्रव्यें पान वाळतांना व मुरतांना त्याच्यांतच तयार होतात. त्यांना दुकानाची गरज नसते. पानाचा काढा करून भाजीवर फवारण्याची जुनी चाल आहे, पण तेंहि तेंच विष. निकोटिन सल्फेटच्या वापरावर भारतांत बंदी आहे. कायद्याची दुसरी अडचण आतां राहिलेली नाहीं. तंबाखूवर १९४३ सालीं अबकारी कर बसला, तो कच्च्या पानावरून १९७९ सालीं उठला, आणि १९७५ च्या तंबाखू बोर्ड कायद्याप्रमाणें लागवडीची नोंद करावी लागते ती व्हर्जिनिया तंबाखूची. तेव्हां चार झाडांना मज्जाव नाहीं. पण ज्या घरांत तंबाखू खाणारा नाहीं, त्या घरानें तीं मातीची परीक्षा पाहण्यासाठीं आणि गुलाबी फुलांसाठीं लावावीं. जमिनीची भूक आणि तहान वेगळीं करून दाखविणारें याच्याइतकें स्पष्ट पान दुसऱ्या झाडाचें क्वचितच असेल.

फुलांसाठीं व बियासाठीं एक झाड न खुडतां राखावें. फुलें उमलण्यापूर्वीं तुऱ्यावर पातळ कापडाची पिशवी बांधावी, म्हणजे शेजारच्या जातीचा पराग लागत नाहीं. बोंडें तपकिरी होऊन वाळलीं कीं तीं कागदावर चुरावीं. एकेका बोंडांत हजारों दाणे असतात. कोरड्या बाटलींत हें बी कित्येक वर्षें रुजण्याजोगें राहतें. बाटलीवर जात आणि साल लिहून ठेवावें, कारण मोठ्या पानाचें बी आणि लहान पानाचें बी नुसत्या डोळ्यांना वेगळें ओळखतां येत नाहीं.