आतल्या दारांचा रंग निवडताना

घरात लग्नकार्य निघाले किंवा ईद जवळ आली की रंगाऱ्याला बोलावणे जाते. भिंतींच्या रंगावर चार दिवस खल होतो. आतल्या दारांचा रंग मात्र रंगारी डबा उघडतो तेव्हा उभ्या उभ्या ठरतो. वास्तविक भिंतीपेक्षा जास्त हात लागतात ते दाराला.

आमचा धंदा कापडाचा. जाणकार गिऱ्हाईक तागा उचलून दुकानाच्या पायरीवर नेते, आणि ते योग्यच करते. दिव्याखाली हुबेहूब जुळणारे दोन तुकडे उन्हात वेगळे दिसू शकतात. पेंटच्या शेडकार्डाचेही तसेच आहे. म्हणून फूटभर प्लायवूडच्या तुकड्यावर तोच ऑइलपेंट लावून घ्यावा, दाराशेजारी उभा करावा आणि सकाळी व रात्री दिवा लावून पाहावा. दारावर पडदा येणार असेल तर आधी कापड पसंत करावे. (आमचे दुकान आहे म्हणून हे सांगत नाही!) पेंटची शेड मशीनवर हवी तशी बनवून मिळते, कापड मात्र बाजारात जे रंगून आले आहे त्यातूनच घ्यावे लागते. सर्व दारांचे डबे एकाच वेळी, एकाच बॅचचे घ्यावेत.

पांढरा रंग पुष्कळांना आवडतो. पण नेहमीचा पांढरा ऑइलपेंट अंधाऱ्या पॅसेजमध्ये किंवा पडद्याआड काही काळाने पिवळा पडतो. अशा जागी बदामी किंवा फिकट राखाडी बरा. पांढराच हवा असेल तर पाण्यात मिसळणारा इनॅमल घ्यावा, तो कमी पिवळा पडतो. गडद दारावर धूळ व ओरखडे दिसतात, फिकट दारावर कडीजवळ बोटांचे डाग. चकचकीत रंग पुसायला सोपा; पण जुन्या दाराचा प्रत्येक खड्डा, लांबीचा प्रत्येक ठिगळ तो दाखवतो. तेथे कमी चकाकीचा सॅटिन रंग घ्यावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. पूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल व हिरव्या रंगांत, शिसे बरेच असे. सरकारने २०१६ साली नियम केले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग ठरली. डब्यावर तसा उल्लेख आहे का ते वाचून घ्यावे. परंतु घरातील जुन्या दारांवर जुनाच थर आहे. रंगारी तो कोरड्या पॉलिशपेपरने घासतो, धूळ घरभर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. शिशाने लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. म्हणून पाणी मारून वॉटरपेपरनेच घासायला सांगावे. मुलांना व गरोदर बाईला तोवर दुसऱ्या घरी ठेवावे. नंतर जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून ते फडके फेकून द्यावे. रंगारी कुरकुर करील, एक दिवसाची मजुरी जास्त मागेल. ती द्यावी.