काचेच्या पेटीतली बाग आणि तिचा दिवा



आज मी तुमच्याशी दिव्याविषयी बोलणार आहे. दिवाळीच्या पणतीविषयी नाही, तर माशांच्या टाकीवर लावायच्या दिव्याविषयी. काहीजणी म्हणतील, यात काय बोलायचं, दिवा तो दिवा! मीही असंच समजत होते. त्या समजुतीपायी आमच्या घरातले अकरा गप्पी मासे एका पहाटे गेले. म्हणूनच हा विषय घेतला.

धाकट्या लेकीच्या वाढदिवसाला आम्ही दोन फुटी टाकी आणली. तिला प्लास्टिकची झाडं नको होती, खरी हवी होती. म्हणून दुकानातून क्रिप्टोकोरीन नावाची पाणवनस्पती आणली, चांगली पाच-सहा रोपं. आठवड्याच्या आत तिची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळायला लागली. चौकशी केली तर उत्तर मिळालं, ‘ताई, उजेड कमी पडतोय.’ मग काय, अंगणात लावायचा ५० वॅटचा एलईडी फ्लडलाइट मी टाकीवर टांगला. सकाळी पूजेच्या वेळी लावायचा, रात्री झोपताना बंद करायचा. चार-पाच दिवस टाकी काय देखणी दिसली म्हणून सांगू! दहाव्या दिवशी काचेवर हिरवा थर धरला. पंधराव्या दिवशी पाणी मुगाच्या कढणासारखं झालं. शेजारच्या आजींनी डोकावून विचारलं, ‘व माय, हाई काय से?’ आणि मग मे महिन्यातली ती पहाट. लेक आधी उठली आणि टाकीपाशी उभी राहून रडत होती.

नंतर मी चार ठिकाणी विचारलं, वाचलं, आणि माझं काय चुकलं ते कळलं. एक नाही, दोन चुका होत्या.

पहिली चूक, पानं गळण्याचं कारणच मी चुकीचं धरलं. या पाणवनस्पती रोपवाटिकेत पुष्कळदा पानं पाण्याबाहेर ठेवून वाढवतात. टाकीत बुडवल्यावर ती जुनी पानं मरतात आणि मुळापासून पाण्यात जगणारी नवी पानं फुटतात. याला काही आठवडे लागतात. तेव्हा तिथे उजेडाचा दोष नव्हता, वाट बघायची होती.

दुसरी चूक, जास्त उजेड म्हणजे जास्त वाढ असं मी मानलं. इथे तुम्हाला शाळेतला एक प्रयोग आठवायला सांगते. चंचुपात्रात हायड्रिला, त्यावर उलटं नरसाळं, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. उन्हात ठेवलं की हायड्रिलातून बुडबुडे निघायचे. ते ऑक्सिजनचे बुडबुडे. दिवा जवळ आणला की बुडबुडे वाढतात. पण एका मर्यादेनंतर दिवा कितीही जवळ आणा, बुडबुडे वाढत नाहीत. कारण वनस्पतीला नुसता उजेड पुरत नाही, पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही लागतो. म्हणून तर बाई त्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकायला लावायच्या. घरच्या टाकीत हा वायू थोडाच असतो. त्यामुळे रोपं उजेड वापरतात तीही थोडाच. उरलेला उजेड वाया जात नाही बरं का, तो शेवाळ वापरतं. शेवाळाला मुळं रुजवायची नसतात, पानं फोडायची नसतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून मिळेल ते घेऊन ते भराभर वाढतं.

आणि मासे का गेले? हिरवं पाणी म्हणजे डोळ्यांना न दिसणारं, कोट्यवधी कणांचं शेवाळ. दिवसा उजेडात ते ऑक्सिजन सोडतं, पण रात्री अंधारात तेच शेवाळ ऑक्सिजन घेतं. रोपंही घेतात, मासेही घेतात. त्यात आपल्या खानदेशचा मे महिना. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. रात्रभर खर्च होऊन पहाटे तो सगळ्यात कमी उरतो. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी.

आता माझ्या माहेरची गोष्ट सांगते. माहेर रावेर तालुक्यातलं, केळीच्या बागांमधलं. भाऊ टिश्यू कल्चरची रोपं लावतो. जळगावात जैन इरिगेशनच्या प्रयोगशाळेत ग्रँड नैन केळीची अशी रोपं तयार होतात, हे आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळांत ही इवलीशी रोपं बंद बाटल्यांत, दिव्यांच्या उजेडात वाढवतात. तिथे साधारणपणे १६ तास उजेड आणि ८ तास अंधार ठेवतात. मी भावाला म्हटलं, ‘अरे, तिथे १६ तास चालतं, मग माझ्या टाकीला का नाही चाललं?’ तो हसला आणि म्हणाला, ‘ताई, त्या बाटलीत दुसरं कुणी नसतं. जंतू नाहीत, शेवाळ नाही. खाली साखर घातलेलं खाद्य असतं. उजेड एकट्या रोपाचाच. तुझ्या टाकीत वाटेकरी किती!’

मैत्रिणींनो, मला सगळं या एका उत्तरात कळलं. टाकीचा दिवा निवडायचा तो रोपांना पुरेल आणि वाटेकऱ्याला उरणार नाही, असा. खापरावर मांडा भाजताना आपण जाळ जसा बेताचा ठेवतो, तसाच.

आता प्रत्यक्ष दिवा घेताना काय बघायचं ते सांगते. खोक्यावर तीन आकडे असतात.

पहिला वॅट. हा दिवा वीज किती खातो ते सांगतो, उजेड किती देतो ते नाही.

दुसरा ल्युमेन. हा उजेडाचा आकडा. ढोबळ हिशोब असा, की सोप्या रोपांना लिटरमागे १५ ते २० ल्युमेन पुरतात. आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. काठोकाठ भरली तर सुमारे ७० लिटर, पण वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली की ६० लिटर पाणी मावतं. म्हणजे ९०० ते १,२०० ल्युमेन हवेत. चांगला एलईडी दिवा एका वॅटला १०० ल्युमेनच्या आसपास उजेड देतो, म्हणजे १० ते १२ वॅट झाले पुरे. आणि मी लावला होता ५० वॅटचा! लिटरमागे ८० ल्युमेनच्या घरात, तोही दिवसाचे १६ तास.

तिसरा आकडा केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या रंगाचा. ३,००० म्हणजे पिवळसर, ६,५०० म्हणजे दुपारच्या उजेडासारखा पांढरा. ६,५०० चा पांढरा दिवा घ्या. रोपं वाढतात आणि माशांचे रंगही खरे दिसतात. नुसता निळा किंवा जांभळा शोभेचा दिवा दिसतो छान, पण रोपांना पोसायला तो एकटा पुरत नाही.

दिव्याची लांबी टाकीएवढी असावी. मधोमध एकच बल्ब टांगला तर मध्ये शेवाळ आणि कोपऱ्यात अंधार, असं होतं. टाकी जितकी खोल, तितका तळाशी उजेड कमी. म्हणून दीड फुटापेक्षा उंच टाकी नवख्या बाईने घेऊच नये. आणखी एक आपल्याकडची अडचण. बोअरचं पाणी जड असतं. त्याचा पांढरा क्षार झाकणाच्या काचेवर बसतो आणि उजेड अडवतो. दर आठवड्याला काच बाजूला काढून लिंबाच्या फोडीने पुसायची, धुवायची आणि परत ठेवायची.

रोपं दिव्याप्रमाणे निवडा. बेताच्या उजेडात अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन आणि व्हॅलिस्नेरिया चांगली जगतात. व्हॅलिस्नेरिया तर आपल्या देशातल्या तळ्यांत आणि नद्यांत आपोआप उगवणारी, गवतासारख्या लांब पानांची. जलब्राह्मी, म्हणजे औषधातली ब्राह्मी, हीसुद्धा टाकीत छान वाढते. तिला थोडा जास्त उजेड दिलेला मानवतो. लाल पानांची रोपं आणि जमिनीवर गालिच्यासारखी पसरणारी रोपं मात्र भरपूर उजेड मागतात, सोबत कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं आणि खतही मागतात. तो खर्चाचा आणि रोजच्या देखरेखीचा मामला आहे. पहिल्या टाकीत त्या वाटेला जाऊ नका.

आता तास. नव्या टाकीला पहिला महिना रोज ६ तास. रोपांनी मुळं धरली, नवी पानं आली, की ७, फार तर ८ तास. टिश्यू कल्चरची रोपं बाटलीतून काढून लगेच उन्हात लावत नाहीत, आधी शेडनेटखाली ठेवतात, तसंच हे. रात्रभर दिवा ठेवू नका. माशांना पापण्या नसतात, त्यांना डोळे मिटता येत नाहीत. अंधार हीच त्यांची विश्रांती.

दिव्याची वेळ रोज तीच असावी, म्हणून टायमर लावा. पण एक लक्षात ठेवा. फिरत्या चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो आणि आली की तिथून पुढे चालू होतो. आपल्याकडे वीज जाते तेव्हा हा टायमर मागे पडत जातो आणि महिन्याने भलत्याच वेळी दिवा लावतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या, नाहीतर चकती दर आठवड्याला घड्याळाशी जुळवा. आमच्याकडे दिवा दुपारी ४ ला लागतो आणि रात्री ११ ला बंद होतो. लेक शाळेतून येते, आम्ही जेवतो, तेव्हा टाकी बघायला मिळते. शिवाय रात्री उशिरापर्यंत रोपं ऑक्सिजन देत राहतात आणि पहाटेपर्यंतचा अंधार थोडा कमी होतो. उन्हाळ्यात रात्रभर हवेचा पंप मात्र चालू हवाच. टाकी खिडकीच्या थेट उन्हात ठेवू नका. आपल्याकडे पारा ४४-४५ च्या पुढे जातो. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन पाणी तापवतं आणि शेवाळही वाढवतं.

उजेड बरोबर आहे की नाही, ते रोपंच सांगतात. खोड लांबट, बारीक झालं, दोन पानांत अंतर पडलं, खालची पानं गळू लागली, तर उजेड कमी. काचेवर आणि पानांवर हिरवे ठिपके, केसांसारखे धागे दिसले, तर उजेड किंवा तास जास्त. नवी पानं पिवळी पडली, तर बहुधा खताची कमतरता, त्यात दिव्याचा संबंध नाही. कोणताही बदल एका वेळी एकच करा, अर्ध्या-पाऊण तासाचा, आणि दोन आठवडे थांबा.

सगळ्यात महत्त्वाचं, पाणी आणि वीज शेजारी-शेजारी आहेत. शक्यतो अ‍ॅडॉप्टरवर चालणारा, ओलावा सोसणारा, १२ व्होल्टचा दिवा घ्या. वायर आधी खाली झोळ देऊन मग प्लगकडे न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली पडेल, प्लगमध्ये जाणार नाही. बोर्डाला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या, आणि घराच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्या. हात पाण्यात घालण्याआधी दिवा, पंप, सगळं बंद. मुलांनाही हीच सवय लावा.

खर्चाचं म्हणाल तर ऐका. माझा ५० वॅटचा दिवा १६ तास चालून महिन्याला २४ युनिट खात होता. आताचा १० वॅटचा दिवा ७ तास चालतो, महिन्याला दोन युनिटांच्या जरा वर. कमी वीज, कमी पैसे आणि टाकी जास्त हिरवी.

तो फ्लडलाइट परत अंगणात गेला. आम्ही महिनाभर टाकीत मासे सोडले नाहीत. दर तीन-चार दिवसांनी थोडं थोडं पाणी बदललं आणि दिवा सहाच तास लावला. मेली असं समजून मी ज्या क्रिप्टोकोरीनची मुळं उपटणार होते, तिला वाळूतून बोटभर नवी पानं आली. लेकीने ती पहिल्यांदा पाहिली आणि मला हाताला धरून टाकीपाशी नेलं. त्यानंतर सहा गप्पी आणले. आता त्यांची पिल्लं त्याच पानांत लपतात आणि लेक रोज रात्री जेवताना ती मोजते.

तुमच्या घरी टाकी असेल आणि पाणी हिरवं होत असेल, तर आधी नवं काही विकत आणू नका. उद्यापासून दिव्याचे तास कमी करा आणि दोन आठवडे बघा.