भिंतीतील साठवण आणि घराचे मूल्य

भिंतीत कायम बसविलेली कपाटे, फळ्या व पोटमाळे यांमुळे घराचे मूल्य वाढते काय, हा प्रश्न सुतार, दलाल आणि गृहस्थ यांच्यापुरताच आहे, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. वस्तुतः तो अर्थशास्त्राचा जितका आहे तितकाच शब्दार्थाचाही आहे. साठवणीची एखादी सोय ‘घर’ या शब्दाच्या कक्षेत मोडते की ‘सामान’ या शब्दाच्या, यावर तिची किंमत व तिची मालकी ठरते. आणि प्रसंगी राहणाऱ्याचा त्या घरावरील हक्कही तिच्यावर अवलंबून राहतो.

या दृष्टीने मराठीतील जुनी नावे पाहण्यासारखी आहेत. भिंतीतील लहान कमानदार पोकळी ती देवळी. तीत दिवा किंवा देव. तिच्याहून मोठा, साधा व उघडा तो कोनाडा. पोकळीत फळ्या घालून तिला दारे लावली की फडताळ झाले. जाड भिंतीत किंवा दोन भिंतींच्या मध्ये धान्यासाठी ठेवलेली उभी पोकळी म्हणजे बळद. ती वरून भरावयाची आणि तळाशी ठेवलेल्या भोकातून लागेल तसे धान्य काढून घ्यावयाचे. हीच कल्पना जमिनीत उतरली म्हणजे पेव. (पेव फुटते ते आता केवळ वाक्प्रचारात, ते फुटल्यावर धान्याचे काय होत असे, हे सांगणारी माणसे खेड्यांतही थोडीच उरली असतील.) या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे. ते वस्तूची नावे नसून पोकळीची नावे आहेत. पोकळी उचलून दुसरीकडे नेता येत नाही. सबब फडताळ घराचे की घरमालकाच्या सामानाचे, असा प्रश्न वाड्यात उद्भवणेच शक्य नव्हते.

‘कपाट’ या शब्दाची कथा निराळी आहे. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. त्याचेच तद्भव रूप ‘कवाड’ मराठीत मूळ अर्थाने राहिले, आणि तत्सम ‘कपाट’ मात्र दार सोडून दारामागील जागेचे, पुढे तर जागा आणि दार मिळून झालेल्या स्वतंत्र लाकडी वस्तूचे नाव बनले. इंग्रजी ‘कबर्ड’ या शब्दाच्या ध्वनिसाम्याचाही येथे हातभार लागला असावा. हिंदीत जुना अर्थ टिकून आहे. म्हणूनच केदारनाथाचे ‘कपाट’ उघडल्याची बातमी मराठी वाचकाला क्षणभर गमतीची वाटते. ‘अलमारी’ तर पोर्तुगीज ‘अर्मारिओ’वरून आलेली, म्हणजे जन्मतःच फिरती. पोलादी कपाटाला सरसकट ‘गोदरेज’ म्हणण्याचा प्रघात ही या मालिकेतील अलीकडची पायरी होय. पोकळीकडून वस्तूकडे असा हा अर्थाचा प्रवास आहे, आणि मूल्याविषयीचा घोटाळा नेमका याच वाटेवर निर्माण झाला.

कारण पोकळी फुकट होती. वाड्याच्या मातीच्या किंवा दगडी भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या असत. ही जाडी भार पेलण्यासाठी आवश्यकच होती. तिच्यातून फडताळ कोरून घेतल्याने खोलीची तसूभर जमीनही कमी होत नसे. सिमेंट-काँक्रीटच्या सांगाड्यात भार खांब व तुळया घेतात आणि आतील भिंत चार-सहा इंचांवर येते. अशा भिंतीत देवळीदेखील धड मावत नाही. तेव्हा आज ज्याला भिंतीतील कपाट म्हणतात, ते भिंतीत नसून भिंतीपुढे असते.

याचा हिशेब सोपा आहे. अडकविलेल्या कपड्यांसाठी कपाटाची खोली दोन फूट लागते. सात फूट रुंदीचे असे कपाट १४ चौरस फूट जमीन अडविते. ४५० चौरस फुटांच्या सदनिकेत हा भाग सुमारे तीन टक्के होतो. आणि दर चौरस फुटाला १५,००० रुपये धरला, तर कपाटाखालील जमिनीचीच किंमत २,१०,००० रुपये होते. लाकूड व मजुरी निराळी. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ यातील चटई क्षेत्राच्या व्याख्येनुसार ही जमीन वापरायोग्य क्षेत्रातच मोजली जाते. म्हणजे घेणारा तिचे पैसे आधीच देऊन चुकलेला असतो. सुटे कपाटही जमीन अडविते हे खरे. पण साडेसहा फुटी पोलादी कपाटाच्या वर साडेनऊ फुटी छतापर्यंतची तीन फूट जागा वाया जाते. बांधीव कपाट ती घेते, आणि वरील उदाहरणात ४२ घनफूट साठवण त्यामुळे पदरात पडते. खरी मूल्यवृद्धी एवढ्याच भागाची. पोटमाळ्याचे तर सर्वच मूल्य या प्रकारचे आहे, कारण तो जमिनीला स्पर्शच करीत नाही.

यापलीकडील खर्च विक्रीच्या वेळी पुरा वसूल होईल, ही अपेक्षा बहुधा फोल ठरते. मालकाने आपल्या ग्रंथांच्या उंचीनुसार फळ्या करविल्या असतील. येणाऱ्याकडे ग्रंथ नसतील, गाद्या असतील. शिवाय बाहेरच्या भिंतीला टेकून, मागची फळी वाचवून केलेले कपाट कोकणातील व मुंबईतील पावसाळ्यात ओल धरते. सुटे कपाट चार बोटे पुढे ओढता येते. याला बुरशी व वाळवी निमूटपणे सोसावी लागते. शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातही विभाग, वापर, बांधकामाचा प्रकार व वय यांना स्थान आहे, कपाटांना नाही.

मालकीचा प्रश्न मात्र कायद्याने बराचसा सोडविला आहे. स्थावर म्हणजे उभे राहणारे, जंगम म्हणजे चालणारे. पण भिंतीला स्क्रूने जोडलेली वस्तू उभीही असते आणि नेताही येते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ३ मध्ये यासाठी हेतूची कसोटी दिली आहे. जमिनीत रोवलेल्या वास्तूला जे जोडले, ते त्या वास्तूच्याच कायमच्या लाभदायक उपभोगासाठी जोडले असेल, तर ते स्थावर. कलम ८ प्रमाणे घर हस्तांतरित झाले म्हणजे कुलपे, किल्ल्या, दारे, खिडक्या आणि घराबरोबर कायम वापरासाठी केलेल्या इतर वस्तू, विरुद्ध हेतू दिसत नसेल तर, घेणाऱ्याकडे जातात. सबब करारपत्रात नुसते ‘कपाट’ लिहिणे धोक्याचे आहे. विकणाऱ्याच्या मनात वस्तू असते आणि घेणाऱ्याच्या मनात फडताळ.

भाडेकरूच्या बाबतीत हा अर्थभेद अधिक महाग पडतो. १८८२ च्या अधिनियमाचे कलम १०८ त्याला, करारात वेगळे ठरले नसेल तर, आपण जोडलेल्या वस्तू काढून नेण्याची मुभा देते. मात्र जागा पूर्ववत करून दिली पाहिजे. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १६ अन्वये मालकाच्या लेखी संमतीवाचून ‘कायम स्वरूपाची रचना’ उभारणे हे जागा खाली करविण्याचे एक कारण आहे. त्याच्या स्पष्टीकरणात लाकडी आडभिंत, स्वयंपाकाचा ओटा, दार, जाळी, खिडकी, खोटे छत, वातानुकूलन यंत्र, धुराडे इत्यादी कामे, जेथे आवश्यक तेथे नगरपालिकेची परवानगी घेऊन केली असल्यास, या संज्ञेतून वगळली आहेत. पोटमाळा व बांधीव कपाट यांचा त्या यादीत उल्लेख नाही. पोटमाळ्यांवरून दावे न्यायालयांत गेले आहेत, आणि तेथे विचारले जाते ते इतकेच: तो भिंतीत गाडला आहे की टेकविला आहे, भिंत न फोडता काढता येतो की नाही, आणि किती काळासाठी केला होता.