कूलरचं कव्हर आणि आठ इंच

मृगाचा पाऊस पडला की आपल्या नांदेड-लातूरकडे कूलर बंद होतात. कूलरची हवा गार होते ती पाण्याच्या बाष्पीभवनाने. एक लिटर पाणी उडायला साधारण 2,400 किलोज्यूल उष्णता लागते, ती हवेतून घेतली जाते. पावसाळ्यात हवा आधीच दमट, पाणी उडणार कुठून? मग पुढच्या मार्चपर्यंत कूलर कव्हरमध्ये.

गेल्या जूनमध्ये लातूरला आज्जी म्हणाली, "इंजिनिअर होतोयस ना, मग कूलरचं माप तूच घे." मी टेप लावून वरचा पत्रा मोजला. 24 बाय 24 इंच, म्हणजे घेर 96. शिंपीकाकांना तेवढंच सांगितलं. कव्हर आलं, वरून घातलं आणि चार बोटं उतरून तिथंच अडकलं!

चूक साधी होती. गवताच्या ताट्या डावी-उजवीकडे एकेक इंच बाहेर येतात, मागची ताटी एक इंच, पुढची जाळी एक इंच. म्हणजे खरं माप 26 बाय 26, घेर 104. आठ इंच कमी! म्हणून माप सगळ्यात जाड जागी घ्यायचं. त्यात शिवणीला 1 आणि ढिलाईला 2 धरले की 107 होतात. शिंपीकाका हसले नाहीत, पण शिलाई मात्र दोनदा घेतली.

उंचीचं उलट आहे. आमचा कूलर 36 इंच, पण कव्हर 30 चंच केलं. त्यामागे एक कारण आहे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीत 5 लाख लिटर. प्यायला पाणी नाही तिथं कूलर कोण भरणार? त्यामुळे 2015 च्या जूनमध्ये झाकलेला आज्जीचा जुना कूलर थेट 2017 च्या मार्चमध्ये उघडला. प्लॅस्टिक जमिनीपर्यंत, टाकीच्या तळाला थोडं पाणी राहिलेलं. दोन पावसाळे ती ओल आतच कोंडली. जस्ताचा थर गेला, पत्रा गंजला, टाकीला भोक पडलं.

म्हणून कव्हर घालायच्या आधी टाकी रिकामी करून पुसा, पंप बंद ठेवून ताट्या कोरड्या होईपर्यंत नुसता पंखा चालवा, मग प्लग काढा. होस्टेलवाल्यांनो, टेप नसेल तर सुतळीने घेर घ्या आणि सुतळीच शिंप्याला द्या.