कारणाचा रकाना

वडनेर भोलजीसारख्या वऱ्हाडातील गावांमध्ये अलीकडे एका जुन्या दप्तराची फार विचारपूस होऊ लागली आहे. ज्यांना जातीचा दाखला हवा असतो ते तहसील कचेरीच्या अभिलेखकक्षात जाऊन आजोबा-पणजोबांच्या नावाची ‘कोतवालबुका’ची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मागतात. कागद हाती आला, की त्यांचे बोट जातीच्या रकान्यापाशी थांबते, आणि त्याच ओळीत दोन बोटे पुढे असलेला मृत्यूच्या कारणाचा रकाना न वाचताच कागद घडी होऊन खिशात जातो. अशी एखादी नक्कल पाहावयास मिळाली म्हणजे माझी दृष्टी मात्र प्रथम त्या रकान्याकडे वळते. कारण या मुलखातील माणसे कशाने मेली हे विचारण्याचा पहिला सरकारी प्रयत्न तेथे लिहिलेला आहे, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळी एकाच शब्दात दिलेले असते : ताप.

हा ताप कशाचा, हे लिहिणाराला ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याचा संभवही नव्हता. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आल्यावर पुढील दोन-तीन दशकांत जी व्यवस्था रुळली, तिच्यात जन्ममृत्यूची इतल्ला देण्याचे काम गावच्या पाटील-कोतवालांकडे होते. नोंद गावात व्हावयाची, ठरल्या दिवशी ती पोलीस ठाण्यावर पोहोचवावयाची, तेथे कारकुनाने तिचा गोषवारा करावयाचा आणि तो चढत्या पायरीने प्रांताच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या मेजापर्यंत जावयाचा, असा हा शिरस्ता. पटकी, देवी, प्लेग, हगवण असे मोजके मथळे छापलेले असत. पटकी ओळखू येई, देवीचे व्रण लपत नसत. उरलेले सारे, हिवताप, विषमज्वर, क्षय, बाळंतरोग, अर्भकाचा न्यूमोनिया, अंगाला हात लावल्यावर गरम लागत असल्यामुळे तापाच्या खात्यावर जमा होई. कोतवालाला दोष देण्याचे कारण नाही. ज्या काळी साक्षात विलायतेतही निदानशास्त्र चाचपडत होते, त्या काळी उन्हातान्हातून चालत जाऊन अमक्याचा मुलगा वारला एवढे खरे सांगणारा माणूस विश्वासार्हच म्हणावयाचा.

आणि तो खरोखरच विश्वासार्ह ठरला. लंडनचे लोकसंख्याशास्त्रज्ञ टिम डायसन यांनी हिंदुस्थानच्या मृत्यूंचा इतिहास लिहावयास घेतला तेव्हा त्यांनी निवडलेल्या प्रदेशांत वऱ्हाड होते, याचे कारण हेच, की येथील नोंदी दीर्घकाळ अखंड चालल्या होत्या आणि देशाच्या इतर बऱ्याच भागांहून त्या अधिक भरवशाच्या होत्या. १८८१ ते १९८० या शंभर वर्षांतील वऱ्हाडच्या जननमरणाचा त्यांचा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. लंडनच्या ग्रंथालयात बसून जे आकडे त्यांनी वर्षानुवर्षे जुळवले, त्यांच्या मुळाशी वडनेरसारख्या हजारो गावांतील पाटलाची लेखणी आणि कोतवालाची पायपीट होती. त्या कोतवालांपैकी पुष्कळ जण महार समाजाचे, वतनाच्या तुटपुंज्या बलुत्यावर राबणारे. त्यांचे ऋण कोणत्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सविस्तर मानलेले माझ्या तरी पाहण्यात नाही.

त्या शंभर वर्षांचा आरंभीचा भाग वाचणे क्लेशदायक आहे. १८९६-९७ चा दुष्काळ ओसरतो न ओसरतो तोच १८९९-१९०० चा आला, आणि त्याची आठवण पुढे कित्येक पिढ्या टिकली. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ साली ती २७ लाख ५४ हजारांवर आली. कापसाच्या या संपन्न मुलखात, जेथे खामगावच्या बाजाराचा लौकिक विलायतेपर्यंत पोहोचला होता, दहा वर्षांत माणसे वाढण्याऐवजी घटली. दुष्काळांच्या अभ्यासातून पुढे एक विलक्षण गोष्ट स्पष्ट झाली : मृत्यूची सर्वांत मोठी लाट बहुधा अन्न संपते त्या क्षणी येत नाही, पाऊस परततो, डबकी साचतात, डास माजतात आणि उपासाने खंगलेल्या देहांवर हिवताप कोसळतो, तेव्हा ती येते. शेतकऱ्याला जो पाऊस सुटका वाटला, तोच त्याच्या घरात प्रेत घेऊन आला. रकान्यात त्या सालीही शब्द तोच, ताप.

प्लेगाविषयी येथे फार लिहीत नाही. मुंबईत १८९६ साली तो उतरला, हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस स्वतःलाच टोचून घेतली, आणि गावोगावच्या लोकांनी घरे सोडून रानात झोपड्या घातल्या, ही हकीकत मराठी वाचकास परिचित आहे. १९१८ ची साथ मात्र, तिची भयानकता पाहता, आपल्या स्मृतीत फारच पुसट उरली. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, महायुद्धामुळे धान्य महागले होते, आणि सप्टेंबरात मुंबईत उसळलेला इन्फ्लुएन्झा आगगाडीच्या रुळांवरून महिन्याभरात मध्यप्रांत-वऱ्हाडात शिरला. मलकापूर, नांदुरा ही याच लोहमार्गावरची स्थानके. देशात जे प्रांत सर्वांत जास्त होरपळले त्यांत मध्यप्रांत-वऱ्हाड अग्रभागी होता. या साथीने म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना वगळले असे नाही. परंतु तिने विशेषेकरून वीस ते चाळीस वयाची, घराचा कणा असलेली माणसे नेली आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. १९११ ते १९२१ हे हिंदुस्थानच्या खानेसुमारीतील एकमेव दशक, ज्यात देशाची एकूण लोकसंख्या घटली. आणि कोतवालबुकात? इन्फ्लुएन्झासाठी छापलेला मथळा नव्हताच. लाखो माणसे पुन्हा तापातच गेली, आणि मागाहून शास्त्रज्ञांना एरवीच्या वर्षांचा ताप वजा करून उरलेला ताप मोजावा लागला.

१९२१ नंतर मृत्यूचा जोर हळूहळू मोडला. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. फवारणीवाले घरोघर आले आणि भिंतींवर तारखा लिहून गेले. देवीचा देशातील अखेरचा रुग्ण १९७५ साली आढळला. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातील जननमरणाची पाहणी करून १९५३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. १९५६ साली मुंबईत लोकसंख्या-अभ्यासाचे केंद्र उभे राहिले, तीच आजची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. १९६९ चा जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा झाला आणि गावचे हे दप्तर यथाकाल ग्रामसेवकाकडे आले. परंतु मला याहून महत्त्वाची वाटते ती त्याच सुमारास देशभर लागू झालेली नमुना नोंदणी पद्धत : निवडक गावांत एक माणूस वर्षभर नोंदी ठेवतो, दर सहा महिन्यांनी दुसरा स्वतंत्रपणे घरोघर फिरतो, आणि दोघांच्या याद्या ताडून पाहिल्या जातात. या ताळ्यामुळेच आपण आज निःशंकपणे म्हणू शकतो, की महाराष्ट्रात १९७१ साली जन्मणाऱ्या दर हजार बालकांमागे १०५ वर्षाच्या आत दगावत, आणि २०२० साली हा आकडा १६ वर आला. १९७०-७५ मध्ये ५३.८ वर्षे असलेले सरासरी आयुर्मान २०१४-१८ मध्ये ७२.५ वर पोहोचले.

हे आपोआप घडले नाही. विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकात ‘सर्च’ ही संस्था काढली आणि पहिली गोष्ट केली ती मोजणीची. ३९ गावांत प्रयोग आणि ४७ गावांत तुलना, अशी मांडणी करून, खेड्यातील थोड्या शिकलेल्या बायांना ‘आरोग्यदूत’ म्हणून नवजात बालकाचे श्वास मोजणे, वजन करणे, जंतुसंसर्ग ओळखणे शिकवण्यात आले. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा निबंध डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे आशाताईंच्या हाती घरोघरच्या नवजात सेवेचे जे काम आले, त्याचे मूळ येथे आहे. एका अर्थाने कोतवालाच्या जागी आरोग्यदूत आली. फरक इतकाच, की कोतवाल मृत्यूनंतर येई, ही जन्माबरोबर आली. रकान्यातील ‘ताप’ या शब्दाची फोड न्यूमोनिया, जंतुदोष, अपुरे वजन अशी झाली आणि फोड झाली म्हणूनच प्रत्येकावर इलाज करता आला.

आता माझे खरे म्हणणे सांगतो. बालकांच्या बाबतीत जो शब्द आपण फोडला, त्याच्या जागी म्हाताऱ्यांच्या बाबतीत आपण दुसरा शब्द आणून बसवला आहे. ग्रामीण मृत्युकारणांच्या सरकारी पाहणीत कित्येक वर्षे अव्वल स्थानी राहिलेले कारण होते ‘वार्धक्य’. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात जवळजवळ दर दहा माणसांत एक साठीपुढचा होता. कुमुदिनी दांडेकरांनी १९९६ सालीच भारतातील वृद्धांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. २०१७-१८ मध्ये मुंबईच्या त्याच लोकसंख्या संस्थेने पंचेचाळीस वर्षांपुढील माणसे आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,२५० जणांची पाहणी केली, तीत नुसते प्रश्न विचारले नाहीत, तर हाताची पकड मोजली, रक्तदाब घेतला, चार मीटर चालावयास लागणारा वेळ लावून पाहिला. असे असताना गावात मात्र ‘म्हातारीले काय झालं होतं?’ या प्रश्नाला ‘वय झालं होतं, दुसरं काय?’ एवढेच उत्तर मिळते, आणि लिहिणाराही तेवढेच लिहितो.

या भागात त्या शब्दाची किंमत जास्त मोजावी लागते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या भूजलाचा प्रदेश, अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांत मूत्रपिंड निकामी होऊन माणसे गेल्याच्या कहाण्या घरोघर ऐकू येतात. पाण्याचा आणि या आजाराचा संबंध पडताळावयाचा तर गावागणिक, वर्षागणिक, कारणासह मृत्यूंच्या नोंदी हव्यात; तेथे ‘वार्धक्य’ लिहिलेले असेल तर शास्त्रज्ञाने काय वजा करावे आणि काय मिळवावे? २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या आरंभी शेगाव तालुक्यातील गावांत लोकांचे केस मुठीमुठीने गळू लागले तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके धावून आली, आणि विंचूदंशावरील उपचारांसाठी ख्यात असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासातून गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. केस गेलेले डोळ्यांना दिसतात. मूत्रपिंड वर्षानुवर्षे आत झिजत राहते आणि कोणास दिसत नाही.

उपाय अज्ञात नाही. भारताच्या महानिबंधक कार्यालयाने साथरोगतज्ज्ञ डॉ. प्रभात झा यांच्या सहकार्याने दहा लाख मृत्यूंचा जो अभ्यास हाती घेतला, त्याची पद्धत अगदी साधी आहे : प्रशिक्षित माणसाने मृताच्या घरी जावे, जवळच्यांना शेवटच्या आजाराची हकीकत विचारावी, ती त्यांच्याच भाषेत लिहून घ्यावी आणि दोन डॉक्टरांनी ती स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवावे. याच रीतीने कळले, की २००५ या एका वर्षात देशात सर्पदंशाने सुमारे ४६ हजार माणसे गेली. सरकारी आकडे त्याच्या कितीतरी खाली होते, कारण बहुतेक माणसे इस्पितळापर्यंत पोहोचलीच नव्हती.

त्या विचारपुसीचे स्वरूप डोळ्यांपुढे आणावे. दहावे-तेरावे होऊन महिने लोटलेले असतात. ओसरीवर चटई टाकलेली असते. विचारणारा मांडीवर कागद घेऊन बसतो, घाई करीत नाही. किती दिवस अंथरुणाला होत्या? धाप लागत होती का? लघवी कमी झाली होती का? मुलगा म्हणतो, वय झालं होतं, साहेब. विचारणारा मान हलवतो आणि तोच प्रश्न दाराआड उभ्या असलेल्या सुनेकडे वळवतो. ती थोडा वेळ गप्प राहते, मग पदर सावरून सांगू लागते, की पोळ्याच्या आधीपासूनच मामींच्या पायांना सूज होती, आणि शेवटी शेवटी तर त्यांची वहाण पायात शिरत नव्हती.